मुदतीआधीचं गिऱ्हाईक

जुना फ्रिज विकायला काढू नये. फुकट द्यावा, त्यात पुस्तकं भरून ठेवावीत, फार तर दाराला कुलूप लावून गाव सोडून जावं, पण विकायला काढू नये. आणि काढलाच तर निदान माझ्यासारख्या माणसानं तरी काढू नये, असं आमच्या घरचं मत आहे. घरचं मत म्हणजे बायकोचं. माझं मत अजून विचाराधीन आहे.

झालं असं की आम्ही नवा फ्रिज घेतला. तो स्वयंपाकघरात गेला आणि जुना "दोन दिवसांसाठी" बाहेरच्या पॅसेजमध्ये आला. दोन दिवसांचे पाच महिने झाले. आमच्या घरात शिरलं की आधी हा पॅसेज लागतो, मग बाकीचं घर. पॅसेज साडेतीन फुटांचा. त्यातले जवळजवळ चोवीस इंच फ्रिजने घेतल्यावर माणसांना उरले अठरा. आम्ही दोघं पोट आत घेऊन, तिरके होऊन ये-जा करायला शिकलो होतो. माझ्या मेहुण्याला जमत नसे, त्यामुळे त्याचं येणं जरा कमी झालं होतं. म्हणजे फ्रिजचा तसा उपयोगही होता.

पण मग अक्का पडली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, वय एकाहत्तर. पंखा पुसायला स्टुलावर चढली आणि मांडीचं हाड मोडून खाली आली. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे चाकाची खुर्ची, आणि एकटीने राहायचं नाही. ती आमच्याकडे येणार हे न बोलताच ठरलं. पुढच्या रविवारी सकाळी अकरा वाजता तिला दवाखान्यातून घरी आणून सोडणार होते. मी खुर्ची मोजून आलो. पंचवीस इंच.

"म्हणजे फ्रिज रविवारच्या आत गेला पाहिजे," बायको म्हणाली.

"जाईल की," मी म्हणालो. सगळी संकटं माझ्या या दोन शब्दांनंतरच सुरू होतात, असं ती म्हणते.

फ्रिज हॉलमध्ये सरकवता येत नव्हता, तिथे अक्कासाठी भाड्याचा पलंग आला होता. दाराबाहेर ठेवावा म्हटलं, तर जिन्यात भली मोठी सूचना लावलेली: 'जिन्यात सामान ठेवू नये. ठेवल्यास मालकास त्याच दिवशी उचलावे लागेल.' खाली सेक्रेटरीची सही. हे सेक्रेटरी म्हणजे आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर राहणारे निवृत्त बँक मॅनेजर. त्यांनी एकदा याच सूचनेखाली एका लहान मुलीची तीनचाकी सायकल जप्त केली होती. तेव्हा तो मार्गही बंद.

तेव्हा मी ठरवलं, फ्रिज इंटरनेटवर लिलावाने विकायचा.

आता थोडं स्वतःविषयी सांगणं भाग आहे. मी एकतीस वर्षं एका कार्यालयाच्या निविदा शाखेत काढली. लोकांनी किमती लिहून पाकिटं सीलबंद करून द्यायची, आम्ही ती पेटीत ठेवायची आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, चार जणांसमोर उघडायची. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक पाकीट एक मिनिट आधी उघडलं गेलं नाही. एकदा साक्षात आमच्या साहेबांनी सांगितलं होतं, "जरा बघा हो, काय भरलंय ते." मी पेटीवर बसलो होतो. खोटं नाही सांगत, अक्षरशः वर बसलो होतो. माझी बढती तिथेच राहिली, पण पाकीट उघडलं नाही.

त्यामुळे लिलाव म्हटल्यावर मी कामाला लागलो. फ्रिजचं वर्णन लिहिलं, चांगलं अडीच पानी. उंची, रुंदी, खोली, सगळं टेपने तीनतीनदा मोजलं. रुंदी साडेतेवीस इंच. 'दार उघडताना डाव्या पायाने किंचित आधार द्यावा लागतो.' 'मागून आठवड्यातून एकदा अंदाजे अर्धी वाटी पाणी येते.' 'आतला दिवा कधीकधी लागतो.' बायको वाचून म्हणाली, "हे फ्रिज विकायला लिहिलंय की त्याच्यावर खटला भरायला?"

तिथे लिलावाची मुदत तीन दिवसांचीही ठेवता येत होती. तिने ती दाखवलीही. मी सात दिवस निवडले. सातापेक्षा कमी दिवसांची मुदत म्हणजे संशयाला जागा. रविवारी सकाळी दहाला सुरू, पुढच्या रविवारी सकाळी दहाला बंद. अक्का अकराला येणार.

"मध्ये एकच तास?" बायको म्हणाली.

"एक पूर्ण तास," मी म्हणालो.

लिलाव सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील नसतील, मोबाइल वाजला. 'शांत माणूस' नावाच्या कुणाचा तरी संदेश होता: 'नमस्कार. फ्रिज पाहिला. चार हजार रोख देतो, आजच नेतो. टेम्पो माझा. लिलाव आत्ता बंद करता का?' खाली फोन नंबर.

बायको हातातलं पीठ झाडत धावत आली. "बंद करा! अहो, बघता काय, बंद करा!"

तिच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हे तिच्या रक्तात आहे. पहिल्या गिऱ्हाइकाला तिचे वडील प्रसंगी तोट्यात तांब्या देत, पण देत. माझ्याशी लग्न का केलंस असं एकदा मी लाडात येऊन विचारलं, तेव्हाही तिने हेच कारण सांगितलं होतं.

"अगं, असं कसं बंद करणार? मुदत चालू आहे. बाकीच्यांवर अन्याय होईल."

"कुठल्या बाकीच्यांवर? आहे कोण?"

"येतील की," मी म्हणालो आणि शांत माणसाला उत्तर लिहिलं: 'आपला आजचा संदेश प्राप्त झाला. प्रस्तुत लिलावाची मुदत येत्या रविवारी सकाळी दहा वाजता संपत असून, तत्पूर्वी आलेल्या कोणत्याही प्रस्तावाचा विचार करता येत नाही. आपण रीतसर बोली लावावी. कळावे.' वर पत्र क्रमांक एक असं लिहायला विसरलो नाही.

संध्याकाळी मॅनेजरसाहेब खाली आले. त्यांना वर बसून आमच्या घरातलं सगळं कसं कळतं, हे एक कोडं आहे. त्यांनी माझं उत्तर वाचलं आणि माझी पाठ थोपटली. "शाबास! पहिली ऑफर कधी घ्यायची नाही. पहिल्या दिवशी चार हजार म्हणतोय, याचा अर्थ वस्तू आठची आहे. त्याला शिजू द्या."

"आणि अक्कांचं काय?" बायकोने विचारलं.

"वहिनी, बाजारात भावनेला थारा नसतो," असं म्हणून त्यांनी आमचा चहा घेतला आणि तिरके होऊन बाहेर पडले.

मंगळवारी शांत माणसाचा दुसरा संदेश आला. साडेचार हजार. जिन्यावरून उतरवायला दोन माणसंही त्याचीच. मी पत्र क्रमांक दोन पाठवलं, 'आमच्या पत्र क्रमांक एककडे आपले लक्ष वेधण्यात येते.' तोवर रीतसर बोली एकच आली होती, नऊशेची. बायकोने मला जेवताना वाढलं, पण ताटाकडे न बघता वाढलं.

गुरुवारी तिसरा संदेश: 'पाच हजार. मागून पाणी येते तरी चालेल. दिवा लागला नाही तरी चालेल. कृपया.'

या 'कृपया'ने माझं डोकं सटकलं. एखाद्याला किती वेळा सांगायचं? नियम म्हणजे काय चेष्टा आहे? मॅनेजरसाहेबांना विचारलं, तर ते डोळे बारीक करून म्हणाले, "सगळं चालेल म्हणतो? मग नक्कीच काहीतरी आहे. आत तांबं असेल. जुन्या मशीनमध्ये फार तांबं असतं." ते ऐकून मी फ्रिजच्या मागे टॉर्च घेऊन अर्धा तास गुडघ्यांवर बसलो. आत एक हरवलेला मोजा सापडला. पाच महिन्यांपूर्वी याच मोज्यावरून मी बायकोला बोललो होतो, म्हणून तो परत आत ढकलला.

तरीही मी शांत माणसाला काळ्या यादीत टाकायचं ठरवलं. तेही सोपं नव्हतं. त्या साइटवर कारण विचारतात आणि पुढे चौकटी असतात: फसवणूक, शिवीगाळ, धमकी. 'मुदतीपूर्वी वारंवार प्रस्ताव देणे' अशी चौकटच नाही! मी 'इतर' वर खूण केली आणि सोबत एक पान जोडलं. मदतकक्षाकडून उत्तर आलं, 'तुम्हाला ऑफर मिळाल्याबद्दल अभिनंदन!' मी पुन्हा लिहिलं. पुन्हा अभिनंदन आलं. तिसऱ्यांदा लिहिल्यावर त्यांनी कंटाळून त्याला माझ्या लिलावापुरतं बंद केलं असावं. आता त्याला बोली लावता येणार नव्हती.

"म्हणजे फ्रिज घ्यायला तयार असलेल्या एकमेव माणसाला तुम्ही फ्रिज घेण्याची बंदी केलीत," बायको म्हणाली. असं एका वाक्यात मांडलं की कुठलंही काम मूर्खपणाचंच दिसतं.

शुक्रवारी तिने एकटीने फ्रिज हलवून पाहिला. मला न सांगता. पाठीला हात लावून बसलेली दिसली तेव्हा कळलं. "अक्कांनी मला लग्नानंतर वर्षभर स्वतःच्या घरी ठेवून शिकवलं, तुमच्या आईचा विरोध असताना," ती म्हणाली. "माझी नोकरी त्यांच्यामुळे. आणि त्या बाई दारात येऊन अडकणार, कारण माझ्या नवऱ्याची मुदत संपायची आहे." यावर माझ्याकडे पत्र नव्हतं. पण आता लिलाव मध्येच तोडणं म्हणजे आठवडाभर खाल्लेल्या बोलण्यांवर पाणी सोडणं, असं वाटून मी तो चालूच ठेवला. चुकलंच माझं. तेव्हाच कळत होतं.

आणि शनिवारी दुपारी चमत्कार झाला. बोली एकाएकी वर जायला लागली! 'हितचिंतक' नावाच्या माणसाने तीन हजार लावले. 'भाग्यवान' नावाच्याने साडेतीन. मग हितचिंतक चार, भाग्यवान साडेचार. मी मोबाइल घेऊन घरभर नाचलो, म्हणजे पॅसेज सोडून. सहा हजार! सात! चहाच्या वेळेला नऊ हजार एकशे पन्नासवर हितचिंतक जिंकत होता.

"बघ," मी बायकोला म्हणालो. "याला म्हणतात खुली स्पर्धा."

"नेणार कधी, ते विचारा," ती म्हणाली. पण तिचाही चेहरा जरा सैल झाला होता. पाच महिन्यांत प्रथमच तिने त्या फ्रिजवरची धूळ पुसली.

रविवारी सकाळी मदतीला म्हणून मेहुणा आला. दहाच्या ठोक्याला लिलाव बंद झाला. त्याच क्षणी मेहुण्याच्या खिशात मोबाइल वाजला. त्याने वाचलं आणि छातीवर हात ठेवून मोठा श्वास सोडला. "सुटलो! भाऊजी, हरलो मी."

"काय हरलास?"

"तुमचाच लिलाव. ताई म्हणाली, कुणी बोली लावत नाही, भाऊजी तोंड पाडून बसलेत. म्हटलं जरा उठाव देऊ. पण तो हितचिंतक सोडेच ना! शेवटी मलाच घाम फुटला."

तरी म्हटलं, हितचिंतक तर खरा आहे. साइटने त्याचा नंबर दिला होता. मी फोन लावला. माझ्या कानात घंटी वाजली, आणि तीच घंटी छतातूनही ऐकू आली. मी बंद केला. वरची घंटी बंद. मी पुन्हा लावला. पुन्हा छतातून.

"अभिनंदन!" मॅनेजरसाहेब फोनवर आनंदाने म्हणाले. "चढवली की नाही किंमत? तो भाग्यवान म्हणून कुणी गाढव होता, त्याला मी बरोबर वर नेला. शेवटच्या क्षणी सोडणार होतो, पण दाढी करत होतो, राहून गेलं."

माझ्या शेजारी बसलेलं गाढव जमिनीकडे बघत होतं.

दहा वाजून वीस मिनिटं. नऊशेवाल्याला फोन केला, त्याने बुधवारीच दुसरा घेतला होता. उरला शांत माणूस. मी त्याला लिहिलं. आयुष्यात प्रथमच मी पत्र क्रमांक न घालता लिहिलं: 'साहेब, माझी चूक झाली. फ्रिज तुमचाच. चार हजार, तीन हजार, काय द्याल ते द्या. फक्त अकराच्या आत न्या. घरी आजारी बहीण येते आहे.'

दोन मिनिटांत उत्तर आलं: 'आपला आजचा संदेश प्राप्त झाला. आपला प्रस्ताव मुदत संपल्यानंतर प्राप्त झाला असल्याने त्याचा विचार करता येत नाही. तसेच अर्जदाराचे नाव आपण काळ्या यादीत समाविष्ट केले असल्याचे निदर्शनास येते. कळावे.' वर पत्र क्रमांक एक.

ते वाचून बायको हसली. आधी बारीक, मग पदर तोंडाला लावून. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं नव्हतं. कारण अकरा वाजायच्या आधीच खाली रुग्णवाहिका आली होती.

दोन माणसांनी अक्काला खुर्चीसकट उचलून पहिल्या मजल्यावर आणलं. ती ताठ बसली होती, प्लास्टरचा पाय पुढे, मांडीवर पर्स. दारात खुर्ची थांबली. पलीकडे फ्रिज.

"हे काय आहे, धाकट्या?" अक्का म्हणाली. ती मला अजून धाकट्या म्हणते.

मी सांगितलं. सगळं, पत्र क्रमांकांसकट. चाळीस वर्षं मुलींच्या सबबी ऐकलेल्या बाईने एकदाही मध्ये न बोलता ऐकून घेतलं. जिन्यात ऊन येत होतं, तिच्या कपाळावर घाम होता. दुखत असणार, पण म्हणाली नाही.

"तुझ्या नियमाप्रमाणे लिलाव जिंकला कोण?"

"वरचे मॅनेजरसाहेब."

"मग फ्रिज कुणाचा?"

एकतीस वर्षं नोकरी केलेला मी, आणि हे मला सुचलं नव्हतं!

"उचला रे," अक्का त्या दोघा माणसांना म्हणाली. ते दोघं, मेहुणा आणि मी, चौघांनी फ्रिज ओढला. तो मोजा सर्वांदेखत बाहेर आला. बायकोने उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि जपून बाजूला ठेवला. पुढे कधी तरी लागेल म्हणून. फ्रिज जिन्यात गेला, खुर्ची घरात आली. साडेतीन फुटांच्या पॅसेजमधून अक्का सरळ, मधोमध, राणीसारखी आत गेली. बायकोने तिच्या गळ्यात हात टाकले.

इतक्यात मॅनेजरसाहेब खाली आले. "हे काय? जिन्यात सामान? कुणाचं?"

"तुमचं," आतून अक्काचा आवाज आला. वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज. "भिंतीवरची सूचना वाचून दाखवा बरं. मोठ्याने."

त्यांनी वाचली. 'मालकास त्याच दिवशी' इथपर्यंत आले आणि थांबले. सही त्यांचीच होती.

"अहो, मी तर मदत म्हणून..." ते पुटपुटले.

"बाजारात भावनेला थारा नसतो ना?" बायको म्हणाली.

शेवटी असं ठरलं की फ्रिज त्यांनी विकायचा आणि जे येईल ते आम्हाला द्यायचं. त्यांनी तिथेच, फ्रिजला टेकून, माझंच अडीच पानी वर्णन उतरवून नवा लिलाव सुरू केला. पंधरा मिनिटांत त्यांनी आमच्या दारावर टकटक केली. चेहरा घामेजलेला.

"शांत माणूस म्हणून कुणी आहे. चार हजार म्हणतो, आत्ता नेतो म्हणतो, लिलाव बंद करा म्हणतो. काय करू हो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी घसा साफ केला. माझ्या डोळ्यांसमोर ती पेटी आली, तिच्यावर बसलेला मी आलो, गेलेली बढतीही आली.

"घ्या," मी म्हणालो.

तासाभरात टेम्पो आला. शांत माणूस खरोखरच शांत होता, साठीचा, इस्त्रीच्या शर्टातला. आधीची पत्रं लिहिणारा मीच, हे मी त्याला सांगून टाकलं. त्याने खिशातून टेप काढून फ्रिज मोजला आणि मान डोलावली. "साडेतेवीस. माझ्या घरातला कोनाडा चोवीसचा आहे. दोन महिने शोधतोय. लोक लिहितात 'मध्यम आकार'. खरं माप लिहिणारे तुम्ही एकटे. म्हणून हटलो नाही."

मी ओशाळून विचारलं, "तुमचं ते पत्र... आपण कुठल्या खात्यात?"

"ऑडिट," तो म्हणाला.

तरीच!

त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "तेहतीस वर्षं गावोगाव फिरून मुदतीआधी उघडलेली पाकिटं पकडली. तुमच्यावर चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. पण घरी बायकोला म्हणालो, एक तरी माणूस भेटला बाई, ज्याने मुदतीआधी पाकीट उघडलं नाही. काही झालं तरी नाही."

माझी छाती फुलली. एकतीस वर्षांत असं मला कुणी म्हणालं नव्हतं. मी काहीतरी नम्र बोलणार होतो.

"अरे धाकट्या," आतून, मागच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात अक्का म्हणाली, "मघाशी त्या मॅनेजरांना 'घ्या' म्हणून सांगितलंस, ते चार हजार आले का रे?"

शांत माणसाने माझा हात हळूच सोडला.